यादी आपण वाचूया

मैत्रिणींनो,

मागे मानोरा तालुक्यातल्या एका गावी दारूबंदीच्या बैठकीला गेले होते. बचत गटाच्या, शेतमजुरी करणाऱ्या, तांड्यावरच्या अशा बऱ्याच बाया समाजमंदिरात जमल्या होत्या. गावातलं परवान्याचं देशी दारूचं दुकान बंद करायचं, यावर सगळ्यांचं एकमत होतं. मी 2008 च्या शासन आदेशाची माहिती सांगत होते. गावातल्या एकूण स्त्री मतदारांपैकी 25 टक्के जणींनी सह्या करून मागणी करायची. मग गुप्त मतदान होतं. निम्म्याहून अधिक स्त्री मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिलं तर दुकान बंद.

एका आजींनी विचारलं, "म्हंजे सह्या किती पायजेत?"

मी उलट विचारलं, "गावात स्त्री मतदार किती आहेत?"

कुणालाच सांगता येईना. मलाही नाही. इतकी वर्षं चळवळीत वावरून मी माझ्या स्वतःच्या भागाची यादीसुद्धा कधी उघडून पाहिली नव्हती. "मत विकू नका, नवऱ्याच्या सांगण्यावरून देऊ नका" हे आपण शिबिराशिबिरातून सांगत आलो. पण मत ज्या कागदावर उभं असतं, तो कागद वाचायचं काम आपण पुढाऱ्यांच्या पोरांवर सोडून दिलं.

बारावीतल्या एका मुलीनं मोबाइलवर यादी शोधायला घेतली. 'मानोरा' नावाचा मतदारसंघ सापडेना. तो नाहीच. मानोरा तालुका कारंजा विधानसभा मतदारसंघात येतो, क्रमांक 35. लोकसभेला यवतमाळ-वाशीम. यादी विधानसभा मतदारसंघाची असते, तिचे भाग पाडलेले असतात, आणि प्रत्येक भाग एका मतदान केंद्राचा असतो. आपला भाग क्रमांक कळला की निम्मं काम झालं. पानं छापून आणली आणि दुसऱ्या बैठकीत आम्ही ती मोठ्यानं वाचायला बसलो.

ती दुपार मी विसरणार नाही. नाव वाचलं की कुणीतरी म्हणायचं, "हे तं मेली, दोन वर्सं झाले." पुढचं नाव, "हे लग्न होऊन गेली दारव्ह्याले." ज्या सुना चार-पाच वर्षांपासून गावात नांदताहेत, त्यांतल्या कितीतरी जणींची नावं नव्हती. आणि एका बाईच्या नावावर 'वगळले' असा शिक्का होता, बाजूला इंग्रजी 'एस' हे अक्षर. म्हणजे स्थलांतरित. ती समोरच बसली होती. पदराच्या गाठीतून तिनं मतदार ओळखपत्र काढलं. "माह्याजवळ कार्ड हाय, मंग नाव कसं नाही? आमी ऊस तोडाले जातो अन् परत येतो. घर तं इथंच हाय नं!"

मैत्रिणींनो, तिच्या दोन्ही वाक्यांत कायदा आहे. पहिलं वाक्य आपल्यातल्या बहुतेकींचा गैरसमज सांगतं. कार्ड असलं म्हणजे मत असतं असं नाही. मत यादीतल्या नावाला असतं. नाव असेल आणि कार्ड हरवलं असेल तर आधार, रोजगार हमीचं जॉबकार्ड, फोटो असलेलं बँकेचं पासबुक अशा आयोगानं ठरवून दिलेल्या पुराव्यांवर मत देता येतं. कार्ड आहे पण नाव नाही, तर मत नाही.

दुसऱ्या वाक्यात मात्र तीच बरोबर होती. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात 'सर्वसाधारण रहिवासी' असा शब्द आहे. तात्पुरतं बाहेरगावी गेल्यानं माणसाचं तिथलं राहणं संपत नाही, असं त्याच कायद्याचं कलम 20 सांगतं. ऊसतोडीला, वीटभट्टीला, पुण्या-मुंबईला बांधकामावर गेलेली बाई घर मोडून गेलेली नसते. आणि 'इथं राहत नाही' म्हणून नाव काढायचं असेल तर त्या व्यक्तीला आधी आपलं म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, हे कलम 22 मध्ये आहे. पण नोटीस कुलूप लावलेल्या दाराला आली तर ती वाचणार कोण? म्हणून गावात राहणाऱ्या बायांनी बाहेर गेलेल्या बायांच्या नावांवर लक्ष ठेवायला हवं. शेजारधर्म म्हणतात तो हाच.

आता सुनांचं आणि लेकींचं. लग्न झालं की बाईचं नाव दोन गावांच्या मध्ये पडतं. माहेरी कुणीतरी ते काढायला लावतं, सासरी कुणी घालत नाही. एका माणसाचं नाव एकाच ठिकाणी, तेही एकदाच असावं, हा नियम आहे. तेव्हा क्रम लक्षात ठेवा. सासरच्या पत्त्यावर नमुना 8 भरायचा. हा अर्ज पत्ता बदलण्यासाठीही आहे आणि चूक दुरुस्तीसाठीही. तो मंजूर झाला की जुन्या ठिकाणचं नाव निघतं. आधीच माहेरी नमुना 7 भरून नाव काढून टाकलं आणि सासरचं राहून गेलं, तर बाई कुठलीच राहत नाही. कधीच नाव नव्हतं तर नमुना 6.

लेकींची नावं काढायचा विषय निघाला तेव्हा बैठक एकदम गप्प झाली. एक आई म्हणाली, "तिचं नाव काढलं तं तिले वाटन, आईनं घरातूनच काढलं." हसण्यावारी नेण्यासारखं हे नाही. तिला एवढंच सांगितलं की मतदार यादीचा आणि वाटणीचा काही संबंध नाही. 2005 च्या दुरुस्तीनं हिंदू कुटुंबातल्या मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला आहे, तो या यादीनं जात नाही. आणि उद्या मुलगी नांदणं सोडून परत आलीच, तर माहेरच्या पत्त्यावर पुन्हा नाव घालता येतं. तेव्हा नवऱ्याचं नाव लावायची सक्तीही नाही. अर्जात नातेवाईक म्हणून आईचं किंवा वडिलांचं नाव चालतं. आपल्यातल्या परित्यक्ता आणि एकट्या राहणाऱ्या मैत्रिणींनी हे जरूर ध्यानात घ्यावं.

नावाचं हे दुखणं जुनं आहे. 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी लाखो स्त्रियांनी आपलं नाव सांगितलंच नाही. 'अमक्याची बायको', 'तमक्याची मुलगी' अशीच नोंद झाली होती. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवलं की स्वतःचं नाव नसलेली नोंद ठेवायची नाही. देशभरातल्या जवळपास 8 कोटी स्त्री मतदारांपैकी सुमारे 28 लाख जणी यादीबाहेर गेल्या. त्यातल्या बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांतल्या होत्या. तेव्हा टीका झाली, पण पुढे बायका नाव सांगू लागल्या. आज बाई नाव सांगते. पण ते लिहिलं गेलं की नाही, हे बघायला अजूनही घरातला पुरुषच जातो.

आणि यादीबाहेर पडणं ही फक्त जुनी गोष्ट नाही. 2025 मध्ये बिहारमध्ये याद्यांची विशेष सखोल फेरतपासणी झाली. 1 ऑगस्टच्या प्रारूप यादीत आधीची सुमारे 65 लाख नावं नव्हती. वगळलेल्यांची नावं कारणांसह जाहीर करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला 14 ऑगस्टला द्यावा लागला. मयत आणि दुबार नावं निघायलाच हवीत. पण कुणाचं नाव का गेलं हे उघड्यावर वाचता आलं पाहिजे, नाहीतर गेलेल्यांत गरीब, फिरस्ते आणि बायका किती हे कळणार कसं?

कुणी म्हणेल, पाच वर्षांतून एकदाच्या मतासाठी एवढा खटाटोप कशाला? मग परत दारूच्या दुकानाकडे येऊ. समजा यादीत 400 स्त्रिया आहेत. दुकान बंद करायला 200 हून जास्त मतं हवीत. पण 400 पैकी 40 मयत असतील आणि 60 लग्न होऊन गेलेल्या, तर खऱ्या उरल्या 300. त्या 300 मधून 201 गोळा करायच्या. गेलेली सासू आणि परगावची नणंद, दोघीही न बोलता उभ्या बाटलीच्या बाजूनं उभ्या राहतात!

एवढंच नाही. राज्यघटनेच्या कलम 243 प्रमाणे ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदार यादीतली माणसं. नाव नाही तर ग्रामसभेची सभासद नाही. ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत, पण यादीत नाव नसलेल्या बाईला त्या जागेवर अर्जही भरता येत नाही.

वेळेचंही भान हवं. पूर्वी 1 जानेवारी हीच एक तारीख होती. आता 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर अशा चार तारखांना 18 पूर्ण होणाऱ्या मुलींची नोंद होते, आणि 17 पूर्ण झाल्यावर अर्ज आधीच देता येतो. उमेदवारी अर्जांचा शेवटचा दिवस उलटला की त्या निवडणुकीसाठी नाव घालता येत नाही. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, नगर पंचायत यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, पण यादी विधानसभेचीच घेतो, ठरावीक तारखेची. प्रभागाच्या प्रारूप यादीवर हरकत घेऊन नवीन नाव चढत नाही. म्हणजे निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

तेव्हा प्रत्येक गटानं येत्या तीन महिन्यांत एवढं करावं. आपल्या भागाची यादी मिळवावी आणि बैठकीत मोठ्यानं वाचावी. मयत, गेलेल्या, आलेल्या आणि चुकीनं वगळलेल्या अशा चार याद्या कराव्यात. आपला बीएलओ कोण हे शोधावं. कधी अंगणवाडीच्या ताई असतात, कधी शिक्षक, आणि बहुतेकदा त्यांच्यावरही कामाचा डोंगर असतो, म्हणून भांडायला नव्हे तर मदतीला जावं. अर्जाची पोच घ्यावी. 1950 या क्रमांकावर विचारता येतं. अर्ज नामंजूर झाला तर 15 दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. आणि खोटी माहिती कुणाच्याही सांगण्यावरून भरू नये, तो गुन्हा आहे.

त्या गावात अजून मतदान झालेलं नाही. सह्या आधी की यादी आधी, यावर बायांमध्ये वाद झाला. "यादी सुधरंलोक आमी मार खात बसाव काय?" असं एकीनं विचारलं, आणि तिला उत्तर देणं सोपं नव्हतं. शेवटी दोन्ही कामं बरोबरच करायची ठरली. एक गट सह्यांना, एक गट अर्जांना. ऊसतोडीच्या त्या बाईनं नमुना 6 स्वतः भरला. सही केली, पोचपावती घेतली आणि ती कार्डाबरोबर पदराच्या गाठीत बांधली.

तुमच्या भागात किती स्त्री मतदार आहेत? पुढच्या अंकाआधी आम्हाला लिहून कळवा.

जिंदाबाद!

संपादक मंडळासाठी,
तुमची मैत्रीण