गुडघ्याचा चासी नंबर

गेल्या उन्हाळ्यात पारनेरहून मामांचा फोन आला. हे मामा माझे नात्यातले नव्हेत. बँकेत शिपायाला सगळेच मामा म्हणतात, तसे हे मामा. १९८९ साली मी पारनेरच्या शाखेत अधिकारी म्हणून रुजू झालो, तेव्हा त्यांनीच मला खोली शोधून दिली होती आणि सकाळी पाणी किती वाजता येते तेही सांगितले होते. दुष्काळी तालुक्यात ही दुसरी माहिती पहिलीपेक्षा महत्त्वाची. आता ते निवृत्त होऊन कान्हूर पठाराकडच्या आपल्या वस्तीवर राहतात.

फोनवर ते म्हणाले, "साहेब, एकदा येऊन जा. कागद बघायचेत."

मला वाटले, जमिनीचे काही असेल. गेलो, तर पत्र्याची पेटी उघडून बसले होते. मामी शेजारी खाटेवर. बारा वर्षांपूर्वी, २०१२ च्या दिवाळीनंतर, एका शहरातल्या रुग्णालयात त्यांचा उजवा गुडघा बदलला होता. दहा-अकरा वर्षे तो चांगला चालला. आता चालताना खट्‌खट्‌ वाजतो, सुजतो, कधीकधी लचकतो. नव्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितले, की धातूचे तुकडे हाडात अजून घट्ट दिसतात, मधले प्लॅस्टिक मात्र झिजलेले असावे. तेवढेच बदलता आले तर छोट्या शस्त्रक्रियेत काम भागेल. पण त्यासाठी सांधा कोणत्या कंपनीचा, कोणत्या नमुन्याचा आणि कोणत्या मापाचा आहे, ते कळायला हवे. एका कंपनीचे प्लॅस्टिक दुसऱ्या कंपनीच्या धातूत बसत नाही.

आम्ही दोघांनी पेटी उपसली. सात-बारा, रेशनकार्ड, मुलीच्या लग्नाची पत्रिका, १९९१ सालची माझ्या सहीची एक पावती. रुग्णालयाची फाइलही होती. तिच्यात जेवणाचे पैसे, कापसाचे पैसे, भूल देणाऱ्या डॉक्टरांचे पैसे असे सारे वेगवेगळे लिहिलेले. आणि एका ओळीत फक्त, "इम्प्लांट – १ नग". पुढे एक लाखावरची रक्कम. नाव नाही, नंबर नाही. रुग्णालयात चौकशी केली, तर एवढे जुने कागद आता नाहीत असे उत्तर मिळाले.

मामा माझ्याकडे बघत म्हणाले, "साहेब, आपण ट्रॅक्टरला कर्ज द्यायचो तेव्हा चासी नंबर घेत होतो का नाही?"

घेत होतो. नुसता लिहून नव्हे, तर कागद त्या नंबरावर धरून वरून पेन्सिल घासायची आणि उमटलेला छाप कर्जाच्या कागदांना जोडायचा. ते काम मामाच करत. विहिरीवरच्या विजेच्या पंपाचासुद्धा नंबर आमच्या नजरगहाणाच्या दस्तात असे. ट्रॅक्टर कुठल्या शेतात उभा आहे, हे पाहायला मी मोटारसायकलवरून धुळीत जात असे. माणसाच्या हाडात लाख रुपयांची वस्तू ठोकून बसवली, आणि तिचा नंबर मात्र कुणाकडेच नाही.

त्या दिवसापासून मी या सांध्यांविषयी मिळेल ते वाचत आलो आहे. मी डॉक्टर नाही. हिशेबाची खोड मात्र अंगात मुरलेली आहे.

कृत्रिम गुडघा दिसतो अवघड, पण समजायला सोपा आहे. मांडीच्या हाडाच्या झिजलेल्या टोकावर धातूची टोपी बसते, बहुधा कोबाल्ट आणि क्रोमियमच्या मिश्रणाची. नडगीच्या हाडावर धातूची एक ताटली बसते. दोन्हींच्या मध्ये गुळगुळीत, चिवट प्लॅस्टिकची चकती. हाडाला धातू चिकटवायला एक खास सिमेंट वापरतात. धातू प्लॅस्टिकवर फिरतो आणि दुखणे थांबते. पण तो किती फिरतो, याला आपल्याकडे मोठे महत्त्व आहे. सपाट रस्त्याने चालायला गुडघा साठ-सत्तर अंश वाकला तरी पुरते. जिन्याला नव्वदच्या आसपास लागतात. मात्र मांडी घालायची, उकिडवे बसायचे, चुलीपुढून उठायचे, पंगतीत बसायचे, तर एकशे वीस-तीस अंशांच्याही पुढे जावे लागते. ज्या देशांत हे सांधे प्रथम तयार झाले, तिथे माणसे खुर्चीवर जेवतात. आपले अर्धे आयुष्य जमिनीवर जाते. शिवाय आपल्याकडच्या बायकांची हाडे लहान. परदेशी मापे त्यांना मोठी पडत.

ही अडचण ओळखून कामाला लागलेल्यांत पुण्याचे डॉ. कांतिलाल हस्तीमल संचेती यांचे नाव आधी घ्यावे लागते. पुण्यातल्या शिवाजीनगरची त्यांची संस्था १९६५ पासूनची. नगर जिल्ह्यातून मोडलेले हात-पाय घेऊन पुण्याला जाणाऱ्यांना 'संचेती' हे नाव पत्ता न सांगताही ठाऊक असते. डॉ. संचेतींनी भारतीय माणसाची हाडे आणि बैठक डोळ्यांपुढे ठेवून 'इंडस' नावाचा गुडघा रचला आणि तो परदेशी सांध्यांपेक्षा स्वस्तात मिळावा असे पाहिले. जास्त वाकणाऱ्या जातीचा हा सांधा. अशा सांध्यात मधल्या प्लॅस्टिकला एक उंचवटा असतो आणि वरच्या धातूला त्यावर टेकणारा आडवा दांडा. गुडघा दुमडू लागला की या जोडीमुळे मांडीचे हाड जरा मागे सरकते, हाडाला हाड अडत नाही आणि पाय अधिक वाकतो. डॉ. संचेतींना १९९१ मध्ये पद्मश्री, २००३ मध्ये पद्मभूषण आणि २०१२ मध्ये पद्मविभूषण मिळाले.

असे काम करणारे ते एकटे नाहीत. मुंबईच्या डॉ. बी. बी. जोशी यांनी बारीक तारा आणि सळयांची बाहेरून बांधायची एक चौकट तयार केली. जन्मतः वाकडी पावले असलेल्या मुलांची पावले तिच्या साहाय्याने हळूहळू सरळ करता येतात. राजस्थानात १९६८ च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठी आणि रामचंद्र शर्मा हे कारागीर यांनी मिळून 'जयपूर फूट' घडवला. तो घालून अनवाणी चालता येते, चिखलात उतरता येते, उकिडवे बसता येते. या साऱ्यांत एक गोष्ट समान आहे. आपल्या दारात आलेला माणूस बसतो कसा, हे त्यांनी आधी पाहिले आणि मग हत्यार हातात घेतले. याचा मला अभिमान वाटतो.

परंतु मामींच्या खाटेशेजारी बसल्यावर एवढ्या अभिमानाने भागत नाही.

सांधा तयार झाला आणि बसला म्हणजे शोध पूर्ण झाला, असे आपण मानतो. वर्तमानपत्रात फोटो येतो, हारतुरे होतात. खरी परीक्षा त्यानंतर दहा-पंधरा वर्षे, कुणाच्या तरी घरात, कुणाचेही लक्ष नसताना चालू असते. इंग्लंडचे सर जॉन चार्नली हे कृत्रिम खुब्याचे जनक मानले जातात. त्यांनी आधी टेफ्लॉनचे खुबे बसवले. सुरुवातीला रुग्ण नाचतच घरी गेले. दोन-चार वर्षांत टेफ्लॉन झिजले आणि त्याच्या भुकटीने हाड खाल्ले. चार्नलींनी ते लपवले नाही. रुग्णांना परत बोलावले, खुबे काढले, आणि ती भुकटी शरीरात काय करते हे पाहायला स्वतःच्या मांडीत टोचून घेतली. १९६२ मध्ये त्यांनी नवे प्लॅस्टिक वापरले. आजचा खुबा त्याच वाटेने आला आहे. आपल्या प्रत्येक रुग्णाचे पुढे काय झाले, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून चूक सापडली आणि म्हणूनच सुधारली.

एका डॉक्टराने स्वतःच्या रुग्णांची वही ठेवणे निराळे आणि देशाने ठेवणे निराळे. स्वीडनने १९७५ पासून बदललेल्या गुडघ्यांची नोंदवही सुरू केली. १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियाने सांध्यांची वही उघडली. त्या वहीचा उपयोग काय, ते लवकरच दिसले. डीप्यू या कंपनीचा 'एएसआर' नावाचा, धातूवर धातू फिरणारा खुबा वाजवीपेक्षा जास्त वेळा पुन्हा काढावा लागतो, हे ऑस्ट्रेलियाच्या नोंदींतून उघड झाले. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने तो जगभरातून मागे घेतला. तोपर्यंत सुमारे ९३ हजार माणसांच्या शरीरात तो गेला होता. भारतात अशा सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. केंद्र सरकारने नेमलेल्या समितीचा अहवाल २०१८ मध्ये बाहेर आला, तेव्हा दिसले की त्यांतल्या तीन हजारांहून अधिक रुग्णांचा पत्ताच लागत नव्हता. माणसे कुठेतरी आहेत, त्यांच्या रक्तात कदाचित धातू उतरतो आहे, आणि त्यांना हे सांगणार कोण? कर्जदार सापडत नाही म्हणून आमच्या बँकेत रात्रीची झोप उडत असे. इथे तर आपणच माणसांचे देणे लागतो.

आता कुणी म्हणेल, परदेशांत वह्या आहेत, त्याच वाचाव्यात. इथेच खरी मेख आहे. स्वीडनची वही स्वीडनच्या गुडघ्यांविषयी सांगते. तिथली आजी देवापुढे मांडी घालत नाही, गाईच्या धारेला उकिडवी बसत नाही. मामींना डॉक्टरांनी तेव्हाच बजावले होते, की खाली बसू नका, प्लॅस्टिक लवकर झिजेल. मामी बसल्या. "सगळ्या बाया खाली आणि मी एकटी खुर्चीवर, कसं दिसतं ते?" हे त्यांचे उत्तर. त्यांच्यासारख्या कितीजणी बसतात? बसणाऱ्यांचा गुडघा किती वर्षे टिकतो? जास्त वाकणारा सांधा जमिनीवर बसणाऱ्या बाईच्या पायात साध्या सांध्यापेक्षा जास्त टिकतो की कमी? याचे उत्तर जगातल्या कुठल्याही वहीत नाही. ते पारनेरमध्ये आहे, पंढरपुरात आहे, परभणीत आहे. आपण लिहून घेत नाही, एवढेच.

'इंडस' गुडघ्याचे सुरुवातीच्या वर्षांचे निष्कर्ष अस्थिशल्यतज्ज्ञांच्या भारतीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. हे चांगलेच झाले. पण गुडघ्याकडून आपली अपेक्षा पंधरा-वीस वर्षांची असते. पुढची वर्षे मोजायची, तर एका रुग्णालयाचे बळ पुरत नाही. शल्यतज्ज्ञांच्या संघटनेची नोंदवही आपल्याकडे आहे, पण ती ऐच्छिक आहे. ज्याला वाटेल त्याने लिहावे, न वाटेल त्याने सोडावे. खातेदाराच्या मर्जीवर चालणारे लेजर कुठल्या बँकेत जुळले आहे?

२०१७ मध्ये सरकारने गुडघ्याच्या सांध्याला कमाल किंमत ठरवून दिली. दीड लाखाच्या पुढे विकला जाणारा नेहमीचा सांधा कराशिवाय ५४,७२० रुपयांवर आला. त्याच आदेशात सांध्याचे नाव, कंपनी आणि बॅच क्रमांक बिलात वेगळा लिहावा, असेही सांगितले गेले. किमतीची बातमी पहिल्या पानावर झळकली. नंबराची गोष्ट कुणाच्या लक्षात राहिली नाही. माझ्या मते दुसरी गोष्ट पहिलीइतकीच मोलाची आहे.

डॉक्टर मंडळी म्हणतात, आधीच कागद फार, रुग्णही परत येत नाहीत, लिहायचे कुणी? यात तथ्य आहे. दिवसाला चार शस्त्रक्रिया करणाऱ्या माणसावर कारकुनी लादू नये. पण सांध्याच्या डब्यावर नंबराचे चिकटपत्र कंपनीच लावून पाठवते. ते एक फाइलला, एक रुग्णाच्या हातातल्या कार्डाला आणि एक नोंद देशाच्या वहीत, एवढेच काम आहे. ते परिचारिकेलाही करता येईल. मात्र ते सक्तीचे हवे. मोटारीच्या नोंदणीला आपण सक्ती म्हणून नाके मुरडत नाही.

आणि थोडे आपणही करावे. घरात कुणाचा सांधा बदलला असेल, तर आज रविवार आहे, ती फाइल काढा. नंबर नसेल तर रुग्णालयात जाऊन मागा. जुने कागद फार काळ थांबत नाहीत.

मामींच्या सांध्याची ओळख शेवटपर्यंत पटली नाही. फोटो दोन-तीन तज्ज्ञांनी पाहिला, अंदाज वेगवेगळे आले. अखेर घट्ट बसलेले धातूचे तुकडेही काढावे लागले, त्यांच्याबरोबर थोडे हाड गेले, आणि सारा सांधा नव्याने बसवावा लागला. खर्च दुप्पट झाला आणि मामींचे तीन महिने खाटेवर गेले. आता त्या काठी घेऊन अंगणापर्यंत येतात. खाली मात्र बसत नाहीत.

निघताना मामांनी नव्या सांध्याचे कार्ड दाखवले. रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवले होते. मग खिशातून कागद काढून माझ्या हातात दिला. त्या कार्डावरचा नंबर त्यांनी स्वतःच्या अक्षरात उतरवून घेतला होता, आकडा न्‌ आकडा.

"तुमच्याकडंबी एक असू द्या, साहेब," ते म्हणाले. "आमची पेटी उद्या कुनी उघडतंय का न्हाई, कुनाला ठावं!"

तो कागद मी माझ्या पासबुकात ठेवला आहे.