उचल आणि मत

मैत्रिणींनो, “गरीब बाया पाचशे रुपयांत मत विकतात, म्हणून लोकशाही नासली,” असं परवा एका शिकलेल्या बाईंनी मला सुनावलं. 

बीडची ऊसतोड करणारी बाई मताच्या आधी स्वतःचे सहा महिने विकून बसलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यावर मुकादमाची उचल घ्यायची आणि ती फिटेपर्यंत दूरच्या फडात राबायचं. ताप असो, पाळी असो, खाडा झाला की दंड. खाड्याच्या धास्तीनं पिशवी काढून घेतलेल्या बायांच्या बातम्या २०१९ साली छापून आल्या. चार दिवस हळहळ झाली, झालं!

७३व्या घटनादुरुस्तीनं तिला पंचायतीत राखीव जागा दिली, २०११ साली महाराष्ट्रानं ती निम्म्यावर नेली. ही कमाई मी हलकी मानत नाही. पण २६ जानेवारीची ग्रामसभा भरते तेव्हा निवडून आलेली आमची सदस्य कुठल्याशा कारखान्याच्या उसात मोळ्या बांधत असते. गावातल्या वहीत तिची सही मात्र झालेली असते!

राजकारणात समता आणि पोटापाण्यात विषमता फार काळ चालवलीत तर हा डोलारा कोसळेल, असं बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ला घटना समितीत बजावलं होतं.

आणि २०१८ पासून कंपन्यांनी निवडणूक रोख्यांतून पक्षांना कोट्यवधी रुपये दिले, तेही मतदाराला नाव कळू न देता. फेब्रुवारी २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते घटनाबाह्य ठरवले. मी त्याबद्दल विचारलं, तर त्या बाईंना बसची वेळ आठवली.