तपासणी झाली, पुढे काय?

सयाजीराव गायकवाड यांचे नाव निघाले की सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची आठवण होते. १८९३ मध्ये अमरेली भागात त्यांनी हा प्रयोग आरंभिला आणि १९०६ मध्ये तो सर्व बडोदा संस्थानास लागू केला. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९०९ मध्ये, बडोदा शहरात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी झाली. भारतातील शालेय आरोग्यसेवेचा आरंभ तिथपासून मानला जातो. मुलाला शाळेत बसविण्याची सक्ती करणाऱ्या शासनावर त्याच्या प्रकृतीचेही दायित्व येते, हा बोध या दोन घटना शेजारी ठेवल्या की मिळतो.

बोअर युद्धाच्या वेळी सैन्यभरतीत असंख्य तरुण अपात्र ठरल्याने इंग्लंड हादरले आणि १९०७ च्या कायद्याने तेथे शालेय तपासणी बंधनकारक झाली. उपचार मात्र ऐच्छिक राहिले. प्राथमिक शाळांतील मुलांवर उपचारांची सोय करणे हे कर्तव्य ठरण्यास १९१८ साल उजाडावे लागले. इकडे हिंदुस्थानात याच राज्यकर्त्यांच्या अमदानीअखेर, १९४६ मध्ये, भोर समितीला शालेय आरोग्यसेवा जवळजवळ नाहीच, असे नमूद करावे लागले!

आज ती स्थिती नाही. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी करतात. परंतु १९०७ चा तो जुना प्रश्न सुटला आहे काय? तुमसर तालुक्यातील, मध्यप्रदेशाच्या सीमेलगतचे बपेरा घ्या. अशा गावातील मुलाच्या तपासणीत दोष आढळला, तर पुढील उपचारांसाठी तुमसर किंवा भंडारा गाठावे लागते. ऐन रोवणीच्या दिवसांत मजूर आई-बापांनी रोजी बुडवून जायचे कसे? विदर्भातील सिकलसेलचेच पाहा. प्राथमिक चाचणीनंतर निदान पक्के करण्यास दुसरी चाचणी लागते आणि आजार निश्चित झाल्यास वर्षानुवर्षे औषध व देखरेख. यातील एक दुवा तुटला, तरी पहिली तपासणी निव्वळ कागदावर उरते.

हा दुवा केवळ शासनाने सांधावा, असे म्हणून समाजाला मोकळे होता येणार नाही. गावातील निवृत्त शिक्षक, महाविद्यालयीन तरुण, महिला मंडळे यांनी शाळेत जाऊन पुढील उपचारांसाठी पाठविलेल्या मुलांच्या पालकांची, त्यांच्या संमतीने, विचारपूस करावी. कोणाला सोबत हवी, कोणाला प्रवासखर्च, हे पाहावे. याला मोठा निधी लागत नाही, सातत्य लागते. गावातील एकही मूल निदानानंतर उपचारांवाचून राहणार नाही, एवढा संकल्प आपण करणार काय?