एक डॉलरचा करार

टेनिस हा धनिकांचा खेळ. त्यातील बक्षिसांवरून होणारे तंटे हे लक्षाधीशांचे आपसातले तंटे. त्यांच्याशी श्रमिकांच्या चळवळीला काय कर्तव्य, असा सूर आपल्या कार्यकर्त्यांत अधूनमधून उमटतो. हा सूर वरवर क्रांतिकारक भासतो. वस्तुतः त्यामागे वैचारिक आळस आहे. वेतन कसे ठरते, या अर्थशास्त्रातील जुन्या वादाचा एक स्वच्छ निवाडा अमेरिकेच्या बिली जीन किंग यांच्या कारकीर्दीत झालेला आहे आणि तो आपण दुर्लक्षावा असा नाही.

बिली जीन यांचा जन्म १९४३ साली कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे, अग्निशामक दलात नोकरी करणाऱ्या गृहस्थाच्या घरी झाला. त्या टेनिस शिकल्या त्या शहरातील सार्वजनिक मैदानांवर. सर्व्हिस करताच जाळ्याकडे धाव घ्यावयाची आणि चेंडू जमिनीला टेकण्यापूर्वीच व्हॉलीने परतवून प्रतिस्पर्ध्याला उसंत मिळू द्यावयाची नाही, ही त्यांची रीत. उंची बेताची, डोळ्यांना चष्मा, गुडघ्यांवर पुनःपुन्हा शस्त्रक्रिया. तरीही ग्रँड स्लॅम स्पर्धांत एकेरीची १२ आणि दुहेरी व मिश्र दुहेरी धरून एकूण ३९ अजिंक्यपदे त्यांनी मिळविली.

१९६८ पूर्वी मोठ्या स्पर्धांत ‘हौशी’ खेळाडूंनाच प्रवेश असे. हा हौशीपणा म्हणजे वर्गीय सोय होती. घरचे उत्पन्न असणाऱ्यालाच फुकट खेळणे परवडे. नामवंतांच्या हाती आयोजक खर्चाच्या नावाखाली गुपचूप पैसे ठेवीत. १९६८ साली हे ढोंग संपले, पण विषमता उघडी पडली. त्या वर्षी विम्बल्डनमध्ये पुरुष विजेते रॉड लेव्हर यांना २,००० पौंड मिळाले; महिला विजेत्या बिली जीन यांना ७५०. १९७० साली लॉस एंजेलिसच्या पॅसिफिक साउथवेस्ट स्पर्धेत पुरुष विजेत्यासाठी १२,५०० डॉलर आणि महिला विजेतीसाठी १,५०० डॉलर जाहीर झाले. समर्थन ठरलेलेच होते: प्रेक्षक पुरुषांचा खेळ पाहावयास येतात, बाजार जे देतो ते घ्यावे.

हा युक्तिवाद शेतमजूर स्त्रीला कमी मजुरी देणाऱ्या मालकाच्या तोंडीही असतो. परंतु मुख्य मैदान कोणाला द्यावयाचे, जाहिरात कोणाची करावयाची, हे ठरवतो आयोजक; आणि स्वतःच घडविलेल्या मागणीला तोच निसर्गनियम म्हणतो. पुरुष पाच सेट खेळतात, हा आक्षेपही तितकाच पोकळ. सरळ तीन सेटमध्ये जिंकणाऱ्या पुरुषाचे बक्षीस कोणी कधी कापले आहे काय?

बिली जीन यांनी अर्ज-विनंत्या केल्या नाहीत, संघटना केली. २३ सप्टेंबर १९७० रोजी ह्यूस्टन येथे नऊ महिला खेळाडूंनी ग्लॅडिस हेल्डमन या मासिक-संपादिकेबरोबर प्रत्येकी एक डॉलरचा प्रतीकात्मक करार केला. बहिष्काराची धमकी देणाऱ्या राष्ट्रीय संघटनेला न जुमानता त्यांनी स्वतंत्र स्पर्धा उभ्या केल्या. १९७१ साली वर्षभरात एक लाख डॉलरहून अधिक बक्षीस मिळविणाऱ्या बिली जीन या पहिल्या महिला खेळाडू ठरल्या. जून १९७३ मध्ये महिला टेनिसपटूंची संघटना स्थापन झाली. १९७२ च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेत पुरुष विजेत्याला २५,००० आणि बिली जीन यांना १०,००० डॉलर मिळाले होते. १९७३ साली दोन्ही रकमा समान झाल्या. एका वर्षात स्त्रियांची ‘उत्पादकता’ अडीचपट झाली, असे कोणता अर्थशास्त्रज्ञ म्हणेल? वाढले होते ते सौदा करण्याचे सामर्थ्य.

त्या स्वतंत्र स्पर्धांना सिगारेट कंपनीचा पैसा होता, आणि १९७३ ची तफावतही प्रायोजकाच्या पैशाने भरून निघाली, हे लपविण्याचे कारण नाही. भांडवलदाराने स्त्रीमुक्तीतही गिऱ्हाईक शोधले. पण म्हणून मागणी खोटी ठरत नाही. गिरणीमालकाने दिलेला बोनस कामगार हरामाचा मानीत नाही.

त्याच वर्षी २० सप्टेंबरला ५५ वर्षांच्या बॉबी रिग्ज यांच्याशी त्यांचा सामना झाला. प्रसंग तमाशाचा होता, तरी ३० हजारांहून अधिक प्रेक्षक आले आणि ‘बाजारा’चा युक्तिवाद परस्पर निकालात निघाला. रिग्ज यांनी मे महिन्यात मार्गारेट कोर्ट यांना सहज हरविले होते. बिली जीन यांनी आपला आवडता धावून जाण्याचा खेळ आवरता घेतला, मागे राहून रिग्ज यांना दोन्ही बाजूंना पळविले आणि ६-४, ६-३, ६-३ असा विजय मिळविला. आपल्या सवयीपेक्षा लढ्याची गरज मोठी मानणे, ही शिस्त आपल्या अनेक पुढाऱ्यांना अद्याप साधलेली नाही.

विम्बल्डनने समान बक्षीस दिले ते २००७ साली, म्हणजे ३४ वर्षांनी. न्यूयॉर्कमध्ये जे संघटनेने एका वर्षात मिळविले, ते लंडनमध्ये सद्बुद्धीच्या भरवशावर एक पिढी खोळंबले. बाजाराच्या न्यायबुद्धीवर विसंबणाऱ्यांनी हा हिशेब मांडून पाहावा. आणि हा लढा आपला नव्हे म्हणणाऱ्या साथींनीही.