दोन वेगवेगळ्या स्पीडच्या रॅम चालतात. जुनी काढून फेकू नका!



लॅपटॉप अपग्रेडच्या व्हिडिओनंतर अकोल्याहून एका मुलाचा फोन आला. घरूनच लग्नपत्रिका आणि बॅनरचं डिझाइन करतो. कोरल ड्रॉ उघडलं, सोबत व्हॉट्सॲप अन् ब्राउझर चालू ठेवला की लॅपटॉप मान टाकतो. आत 8 जीबीची एकच स्टिक, 2400 बसची. दुसरा स्लॉट रिकामा. दुकानात 8 जीबी मिळत होती ती 3200 बसची. दुकानदार म्हणाला, जुनी काढा, 3200च्या दोन घ्या. "सर, तो म्हणते का वेगवेगळ्या स्पीडच्या लावल्या तं बोर्ड जळते. खरं आहे का?"

नाही, बोर्ड जळत नाही.

प्रत्येक स्टिकवर एक बारीक चिप असते. मी कोणकोणत्या स्पीडवर चालू शकते, याची नोंद त्यात असते. लॅपटॉप सुरू होताना ती वाचतो आणि दोघींना जमेल असा स्पीड ठरवतो. म्हणजे 3200 वाली खाली येऊन 2400 वर चालते. तळेगाव दशासरचा शंकरपट पाहिला असेल तर हे सांगायला नको. जोडीतला एक बैल कितीही चटक असो, गाडी दुसऱ्याच्या चालीनंच जाते.

मग 3200च्या दोन घेतल्या तर फायदा नाही का? इथंच खरी गंमत आहे. त्याच्या लॅपटॉपचा प्रोसेसर आय5-8250यू. तो डीडीआर4 रॅम 2400 पर्यंतच चालवतो. तुम्ही 3200च्या दोन लावा, एकीच्या जागी दोघींचे पैसे मोजा, त्या 2400 वरच चालणार! पैसे गेले, स्पीड तिथंच.

उलट, रिकामा स्लॉट भरल्यानं खरा फरक पडतो. 2400ची एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त 19.2 जीबी डेटा नेऊ शकते. दोन असल्या की दोन वाटा उघडतात, 38.4 जीबी. कागदावरचा आकडा आहे, काम लगेच दुप्पट वेगानं होत नाही, हे खरं. पण 8चे 16 जीबी झाले की अडकणं बंद होतं, आणि डिझाइनवाल्याला तेच पाहिजे असतं. त्यात 2025च्या शेवटी रॅमचे भाव भडकले. अशा वेळी चालू असलेली 8 जीबी काढून टाकायला सांगणारा सल्ला मला पटत नाही. भांडवल तुमचं आहे, भाऊ.

आता जिथं मिसळ चालतच नाही ते सांगतो. डीडीआर3, डीडीआर4, डीडीआर5 या वेगळ्या पिढ्या आहेत. मूर्तिजापूरच्या स्टेशनात शकुंतला अन् मोठ्या लाइनची गाडी शेजारी उभ्या राहायच्या, पण एकीच्या रुळावर दुसरी कधी चढली नाही. तसंच आहे हे. खाच वेगळ्या जागी असते, व्होल्टेजही वेगळं: डीडीआर4ला 1.2, डीडीआर5ला 1.1. जोर लावून बसवायला गेलात तर मात्र स्लॉट तुटेल. आणि काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, तिथं स्लॉट आहे का हे आधी बघा. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा. स्पीड आणि किती स्लॉट वापरात आहेत, दोन्ही दिसतं.

ज्यांना रिपेअरिंगचं दुकान टाकायचं आहे, त्यांनी तर हे पाठच करा. अमरावती काय नि अकोला काय, गाव लहानच आहे. गिऱ्हाइकाला एकदा जास्तीची स्टिक गळ्यात मारली की पुढच्या आठवड्यात त्याच्या मेहुण्यापर्यंत गोष्ट पोचते. एका स्टिकमध्ये काम होत असेल तर एकच विका आणि लावण्याची मजुरी बिनधास्त घ्या. मजुरी मागायला आपल्याकडे उगाच लाजतात.

एक धोका मात्र आहे. कधी कधी दोन कंपन्यांच्या स्टिक जमत नाहीत, स्क्रीन काळीच राहते किंवा अधूनमधून बंद पडते. म्हणून लॅपटॉप सोबत घेऊन जा, दुकानातच लावून बघा, विंडोज मेमरी डायग्नोस्टिक चालवा. बदलून देण्याची अट पक्क्या बिलावर लिहून घ्या. (जीएसटीत नियमित नोंदणी असेल तर 18 टक्क्यांचं क्रेडिट त्याच बिलावर मिळतं, कच्च्या चिठ्ठीवर नाही.)

त्या मुलाचं तेच झालं. पहिली स्टिक लावली, स्क्रीन आलीच नाही. दुकानदारानं दुसऱ्या कंपनीची लावली, तीही 3200चीच, अन् लॅपटॉप सुरू झाला. टास्क मॅनेजरमध्ये 16 जीबी, स्पीड 2400. तिथूनच त्यानं मला फोटो पाठवला.