देवघराला सागवानच कशाला?

परदेशात घर घेतलं की आपल्यापैकी बऱ्याच जणांना एक हौस असते: देवघर स्वतःच्या हातांनी करायचं. मग पहिला प्रश्न ठरलेला, "इथे सागवान कुठे मिळेल?" माझ्या मते सुरुवात तिथेच चुकते.

सागवानाचा लौकिक खोटा नाही. त्यातल्या तेलकट द्रव्यांमुळे वाळवी आणि बुरशी सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत. जहाजाला किंवा कोकणातल्या घराच्या दाराला हे गुण हवेतच. पण इथे मिशिगनमध्ये, दिवाणखान्यातल्या देवघरावर ना पाऊस पडतो, ना त्याला वाळवी लागते. मग त्या गुणांचे पैसे का मोजायचे?

प्रश्न फक्त डॉलरचाही नाही. साग नैसर्गिकरीत्या भारत, म्यानमार, थायलंड आणि लाओस एवढ्याच देशांत वाढतो. २०२१ मध्ये म्यानमारच्या लष्कराने सत्ता बळकावल्यावर तिथल्या सरकारी लाकूड कंपनीवर अमेरिकेने निर्बंध घातले, कारण सागाचा पैसा लष्कराच्या हाती जात होता. लागवडीचा सागही बाजारात असतो. पण फळी कुठल्या देशातली, हे विक्रेत्याला सांगता आलं नाही, तर ती देवासाठी घेऊ नये असं मला वाटतं.

इथे लाकडाचा खरा शत्रू वेगळा आहे: हिवाळ्यात हीटरमुळे कोरडी पडणारी घरातली हवा. लाकडातलं पाणी साधारण ३० टक्क्यांच्या खाली गेलं की पेशींच्या भिंती आकसायला लागतात. आपल्याकडे पावसाळ्यात दार फुगून चौकटीत अडकतं, त्याच्या बरोबर उलट. मी पहिल्या देवघराचा तळ ३० सेंटीमीटर रुंदीच्या ओकचा केला आणि चारही बाजूंनी पक्का चिकटवला. रेड ओकची अशी फळी १२ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आली की सुमारे साडेपाच मिलिमीटर आकसू शकते. जानेवारीत तळाला मधोमध चीर गेली. पीएचडी असून हा हिशोब मी आधी केला नव्हता!

तेव्हा माझा आग्रह असा: लाकडाचं नाव विचारू नका, ते कुठून आलं आणि किती सुकलंय ते विचारा. बांधकामाच्या पाइनवर 'एस-ड्राय' असा शिक्का असतो. त्याचा अर्थ ओलावा जास्तीत जास्त १९ टक्के. घरातल्या फर्निचरसाठी ६ ते ८ टक्के हवा. ओलावा मोजायचं छोटं यंत्र सोबत न्या, फळ्या दोन-तीन आठवडे घरातच ठेवा आणि रुंद तळ चिकटवण्याऐवजी चौकटीच्या खाचेत सैल बसवा.

आणि लाकूड कुठलं? माझं उत्तर आहे ॲश. २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ आशियातून आलेला एक हिरवा भुंगा सापडला. त्याच्या अळ्यांनी सालीखाली पोखरून उत्तर अमेरिकेतले कोट्यवधी ॲश मारले. पण आतलं लाकूड बहुधा शाबूत असतं. अशी मेलेली झाडं तोडावीच लागतात आणि पुष्कळांचा भुसा होतो. जवळच्या लहान गिरणीत चौकशी करा. फक्त साल काढलेल्या, भट्टीत सुकवलेल्याच फळ्या घ्या, म्हणजे तुमच्याबरोबर कीड प्रवास करणार नाही.

माझं दुसरं देवघर ॲशचं आहे. सागापेक्षा फिकट दिसतं, आई व्हिडिओ कॉलवर तसं म्हणालीही. पण ते झाड आमच्याच गावात वाढलं होतं. आता आम्हीही इथेच राहतो, देवही इथेच राहतील.