चमत्काराची उलटतपासणी

महापे, रबाळे, तुर्भे या भागांतील कारखानदार व व्यापारी मंडळी आमच्या वाचकांत पुष्कळ आहेत. परगांवाहून माल आला म्हणजे चलान पाहिल्यावांचून, वजन केल्यावांचून व नमुना तपासल्यावांचून ते पोंच देत नाहींत. आणि त्यामुळें माल पाठविणाराचा अपमान झाला असें कोणी म्हटलेलें आमच्या ऐकण्यांत नाहीं. परंतु तोच गृहस्थ सायंकाळीं घरीं जातो, अमक्या ठिकाणीं दैवी प्रकार घडला असें कोणी सांगतो, आणि दिवसभर काट्यापुढें उभी असलेली बुद्धि जोड्यांबरोबर दाराबाहेर राहते. असें कां व्हावें, याचा विचार आज करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

उदाहरण खाडीपलीकडचेंच घेऊं. शुक्रवार ता. १८ ऑगस्ट २००६ रोजीं सायंकाळीं माहीम येथें समुद्राचें पाणी गोड झालें अशी वार्ता मुंबईंत पसरली. लोकांची रीघ लागली. कोणी ओंजळीनें पाणी प्यालें, कोणी बाटल्या भरून घरीं नेल्या. श्रेय मखदूम अली माहिमी या सत्पुरुषांच्या कृपेस देण्यांत आलें. थोड्याच तासांत गुजराथेंतील तिथल येथूनही तशीच बातमी आली. आणि हें पाणी तरी कोठलें? शहराचें सांडपाणी व कारखान्यांचा मळ घेऊन मिठी नदी जेथें समुद्रास मिळते, तेथलें! पाणी पिऊं नका, रोगराई होईल, असें सरकारी अधिकारी सांगत होते. तें ऐकतो कोण? दुसऱ्या दिवशीं दुपारीं पाणी पुन्हां खारट झाल्याचें भाविकच सांगूं लागले. पवईच्या आय. आय. टी.तील भूशास्त्रज्ञांनीं केलेला उलगडा साधा होता : पावसाळ्यांत सांठलेलें गोडें पाणी मोठ्या प्रमाणांत समुद्रांत आलें, आणि खाऱ्या पाण्याहून तें हलकें असल्यानें कांहीं वेळ वरच तरंगत राहिलें.

मग साक्षीदार खोटे बोलले काय? मुळींच नाहीं. ज्यांनीं पाणी चाखलें त्यांस तें खरोखरच कमी खारट लागलें. येथेंच बहुतेक वादविवाद फसतो. चिकित्सक म्हणतो, तुम्ही लबाड. भाविक म्हणतो, मीं स्वतः चाखलें. आणि दोघेही रागावून घरीं जातात. वकिलीच्या धंद्यांत आम्ही एक भेद शिकलों : साक्षीदारानें जें इंद्रियांनीं अनुभवलें तें साक्ष होय, त्यावरून त्यानें जें ताडलें तें केवळ त्याचें मत होय. 'पाणी गोड लागलें' ही साक्ष; 'बाबांनीं गोड केलें' हें मत. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें प्रत्यक्ष पाहणाराचीच साक्ष मागितली, शास्त्रीय प्रश्नांवर तज्ज्ञांचें मत घेण्यास सांगितलें, आणि जो एखादी गोष्ट घडली म्हणतो त्याच्यावर ती सिद्ध करण्याचा भार टाकला. ता. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमानें घेतली. तत्त्वें तींच राहिलीं. माहीमच्या साक्षीदारांस कोणी उलट विचारतें कीं, 'बाबा रे, आदल्या पावसाळ्यांत याच जागीं पाणी तूं चाखलें होतेंस काय?' तर साक्ष तेथेंच अडखळली असती. ज्याची नेहमीची स्थिति कोणी पाहिली नाहीं, त्याचा पालट कोणी कसा ठरवावा?

हा उपदेश मुसलमान बांधवांसच आहे, असें हिंदु वाचकांनीं समजूं नये. ता. २१ सप्टेंबर १९९५ रोजीं गणपति दूध पितो म्हणून देशभर, नव्हे विलायतेंतील देवळांपुढेंही रांगा लागल्या. सरकारी शास्त्रज्ञांनीं दुधांत रंग मिसळून दाखविलें कीं, चमचा टेकतांच तें मूर्तीच्या पृष्ठभागाकडे ओढलें जातें व पातळ थरानें खालीं ओघळतें. इतका उलगडा होऊनही २००६ सालीं, माहीमच्या प्रकारानंतर दोनतीन दिवसांतच, तेंच दूध पुन्हां उत्तर हिंदुस्थानांत पाजण्यांत आलें!

तिसरें प्रकरण ख्रिस्ती समाजांतील, आणि कायद्याच्या दृष्टीनें सर्वांत चिंताजनक. २०१२ च्या मार्चमध्यें विलेपार्ल्याजवळ इर्ला येथील क्रूसमूर्तीच्या पायांतून पाणी ठिबकूं लागलें. सनल एडामारुकू यांनीं जागा पाहून सांगितलें कीं, जवळच्या मोरीचें पाणी भिंतींत जिरून केशाकर्षणानें वर चढत आहे. परिणाम काय? मोरी दुरुस्त करणें राहिलें बाजूस, धर्मभावना दुखविल्याच्या कलम २९५-अ खालीं त्यांच्यावरच फिर्यादी झाल्या, व त्याच वर्षीं ते फिनलंडास गेले. त्या कलमांत 'हेतुपुरस्सर व दुष्ट बुद्धीनें' हे शब्द उगीच घातलेले नव्हते. भिंत ओली कां, हें विचारण्यांत दुष्ट बुद्धि कोणती? आज तेंच कलम न्यायसंहितेंत २९९ या अंकाखालीं बहुतेक तसेंच उभें आहे, म्हणून हा प्रश्न जुना झाला असें आम्ही मानीत नाहीं. फ्रान्सांतील लूर्द या क्षेत्रीं सात हजारांहून अधिक रोगमुक्तीचे दावे नोंदले गेले. वैद्यांकडून छाननी होऊन २०१८ पर्यंत चर्चनें मान्य केले ते अवघे ७०. परीक्षेनें धर्म बुडतो असें तेथील पाद्र्यांस वाटलें नाहीं, मग इर्ल्यास कां वाटावें?

आमच्या प्रांतांत या कामाची किंमत रक्तानें द्यावी लागली. ता. २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला. १० मे २०२४ रोजीं दोघांस जन्मठेप झाली, तिघे सुटले. ज्या कायद्यासाठीं ते वर्षानुवर्षें झटले तो वटहुकूमरूपानें त्याच महिन्यांत निघाला व डिसेंबरांत मंजूर झाला. त्यानें कीर्तन, वारी किंवा दिवंगत संतांच्या चमत्कारकथा यांस हात लावलेला नाहीं. चमत्कार दाखवून पैसा उकळणें व लोकांस फसविणें, हा गुन्हा ठरविला आहे. ही मर्यादा आम्हांस योग्य वाटते. पण माहीमास कोणीं पैसा उकळला नव्हता, कोणी भोंदू नव्हता. होते ते केवळ प्रामाणिक लोक व घाण पाणी. तेथें फौजदार काय करणार?

तेथें उपयोगी पडेल ती व्यापाऱ्याची संवय. खाडी महाप्यासही जवळच आहे. उद्यां तिचें पाणी गोड झाल्याची हांक उठली, तर दोन पंचांसमक्ष बाटली भरावी, वेळ व जागा लिहून ती मोहोरबंद करावी, आणि शेजारच्याच रसायनाच्या कारखान्यांतील प्रयोगशाळेंत द्यावी. पाण्यांत मीठ किती, हें तेथें घटकाभरांत कळतें. तोंवर मुलाबाळांस तें पाजूं नये.